पाखरीचा कागद

मायाक्का सोलापूरला आली ती दोन महिन्यांच्या बोलीवर. लेक कस्तुरा पहिलटकरीण, घरात सासू नाही, जावई गिरणीत. बाळंतपण उरकलं की आपण माघारी कळपात, असं तिनं मंगळवेढ्याकडच्या आपल्या माणसांना सांगितलं होतं आणि स्वतःलाही. ते साल होतं तेहतीस. पस्तीस साल उजाडलं, नातू पळायला लागला, कस्तुराला दुसऱ्यांदा दिवस गेले, आणि मायाक्का गिरणीमागच्या चाळीतल्या त्या एका खोलीच्या दारात अजून बसलेली असायची, उठायच्या बेतात असलेल्या पाहुण्यासारखी.

जातीनं ती धनगर. चालता येऊ लागल्यापासून ती मेंढरांमागं चालली होती. पावसाचे चार महिने वाडीवर, आणि उरलेले आठ महिने भीमेच्या आणि सीनेच्या काठानं, आज या शेतात तर उद्या त्या शेतात, जिथं खतासाठी मेंढरं बसवायला बोलावतील तिथं. चार महिन्यांच्या वर कुठल्याही भिंतीनं तिला धरून ठेवलं नव्हतं. इथं पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, शेजारच्या तेलुगू विणकरांचे माग दिवसभर खटखटत राहायचे, आणि वारा सुटला तर धुराचा वास यायचा. लेक चांगली होती, जावईही वाईट नव्हता. तरी संध्याकाळी मेंढरं बसायच्या वेळेला मायाक्काचे कान आपोआप टवकारायचे, आणि ऐकू काही यायचं नाही.

मागच्या आयुष्यातलं एकच जित्राब तिच्याबरोबर आलं होतं. पाखरी. घोडी कसली, तट्टूच ते. लहान चणीची, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्या पाठीवर भांडी, घोंगडी, डालगं भरून कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, असा सगळा संसार लादला जायचा. मायाक्काचा नवरा सिद्धनाथ बत्तीस सालच्या पौषात छातीच्या दुखण्यानं गेला. कळप धाकट्या दिरानं, बाळासोनं सांभाळायला घेतला आणि पाखरीही कळपाबरोबरच त्याच्याकडं गेली. मायाक्का सोलापूरला निघाली तेव्हा तो म्हणाला होता, घोडी घेऊन जा वयनी, वज्जं वाहायला हुईल, मला लागंल तवा न्हीन. दिलं ते उसनं, हे मायाक्काच्या ध्यानात होतं. बाळासोचं मन मोठं म्हणून त्यानं दिली, एवढंच ती मानत होती.

शहरात तिनं पाखरीच्या जिवावर एक धंदा काढला. पहाटे सीनेच्या बाजूला जायचं, बांधाचं गवत कापायचं, भारे लादून यायचं आणि टांगेवाल्यांना विकायचं. टांगेवाले तिला ओळखू लागले. पण खरं सांगायचं तर गवत हे निमित्त होतं. रोज चार-पाच मैल पायाखालून गेल्याशिवाय तिला भाकरी गोड लागत नव्हती, आणि पाखरीलाही.

त्या वर्षी श्रावण संपता संपता पाखरीचा डावा डोळा पुन्हा आला. पापणी मिटलेली, पाण्याची धार गालावरून खाली, उजेडाकडं तोंड करायला तयार नाही. हे दुखणं जुनंच होतं. वर्ष-सहा महिन्यांनी यायचं आणि मंगळवेढ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले अण्णाराव डॉक्टर औषध द्यायचे, की पंधरा दिवसांत उतरायचं. सोलापुरात आल्यापासून ते आलं नव्हतं, म्हणून मायाक्काला वाटलं होतं की आता गेलं. आठ दिवस तिनं आपल्याच उपायांनी काढले. बुबुळावर दुधाळ सावट दिसू लागलं तेव्हा ती घाबरली आणि एका टांगेवाल्याच्या सांगण्यावरून सात रस्ता चौकाच्या बाजूला असलेल्या जनावरांच्या दवाखान्यात घोडी घेऊन गेली.

तिथले डॉक्टर मडिवाळप्पा अक्कलकोटकडचे, वयानं पस्तिशीच्या आतले, मुंबईला शिकून आलेले. मराठी बोलताना अधूनमधून कानडी हेल यायचा. घोडीनं त्यांना तोंडाला हात लावू दिला नाही. मान झटकली, मागं सरली. मग मायाक्कानंच तिचं तोंड काखेत धरलं, कानामागं खाजवलं, आणि डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली. धूळ गेली असेल किंवा गवताची काडी लागली असेल असं समजून त्यांनी एक पिवळं मलम दिलं. पंधरा दिवसांनी डोळा होता त्याहून वाईट होता.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला समोर बसवून विचारलं, हे पूर्वी किती वेळा झालं, कधी झालं, काय दिलं होतं. मायाक्कानं तिला येत होतं तसं सांगितलं. एकदा माचणूरला उतरलो होतो तेव्हा. एकदा तिचं शिंगरू मेलं त्याच्या पुढच्या महिन्यात. एकदा लई थंडी पडली होती आणि चार मेंढ्या गारठून गेल्या त्या साली. औषध पाण्यासारखं, निळ्या शिशीत. डॉक्टर लिहायला टाक घेऊन बसले होते, तो त्यांनी खाली ठेवला. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले की अव्वा, हे दुखणं मी आज पाहतो आहे, मंगळवेढ्याच्या डॉक्टरांनी पाच वर्षं पाहिलं आहे. त्यांच्याकडं नोंद असेल. ती आली तर मला अंधारात चाचपडावं लागणार नाही. मी त्यांना पत्र घालतो. मालकाचं नाव सांगा.

मायाक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

डॉक्टरांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. ती ते टोक गुंडाळतच राहिली. नवरा असताना तिनं कधी त्याचं नाव उच्चारलं नव्हतं, आणि तो गेल्यावर तर ते नाव आणखीच जड झालं होतं. शेवटी दवाखान्याचे म्हातारे कंपाउंडर ज्ञानबा औषधं घोटता घोटता म्हणाले, बाई, देवाचं नाव हाय का? तिनं मान हलवली. कुठल्या गावचा देव? "खरसुंडीचा," ती म्हणाली. ज्ञानबांनी खल न थांबवता डॉक्टरांना सांगितलं, सिद्धनाथ. आणि डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं.

मंगळवेढं तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि सोलापूर इंग्रजी मुलखात. अंतर पस्तीस मैलांचं, पण कागदाला ते लांब पडायचं. उत्तर यायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात मडिवाळप्पांनी घोडी अंधारात बांधायला सांगितली, तशी मायाक्कानं चाळीच्या मागं जुन्या पोत्यांचा आडोसा केला आणि गवताचे भारे स्वतःच्या डोक्यावरून आणू लागली. एक दिवसाआड ती दवाखान्यात डोकावून जायची. पत्र आलं त्या दिवशी डॉक्टरांनी ते तिला वाचून दाखवलं. मंगळवेढ्याच्या कारकुनानं लिहिलं होतं की सिद्धनाथ नावाच्या इसमाच्या घोडीचा कागद दप्तरात पाहिला असता मिळाला नाही.

डॉक्टर म्हणाले की ठीक आहे, आपण आपल्या परीनं बघू. मायाक्का व्हय म्हणून उठली. रस्त्याला लागल्यावर मात्र एका भिंतीच्या सावलीला ती टेकली. कागद मिळत नाही म्हणजे काय? पाच वर्षं तो माणूस त्या दारात उभा राहिला होता. दर खेपेला डॉक्टर त्याला विचारायचे आणि लिहायचे, हे तिनं बाहेरून पाहिलं होतं. वाडीवर त्याचं काय उरलं होतं? काठी बाळासोच्या हातात गेली. घोंगडं त्याच्या मातीबरोबर गेलं. फोटो कुणी काढला नव्हता. कुठंतरी त्याचं नाव शाईनं लिहिलेलं आहे असं तिच्या आजवर कधी मनातही आलं नव्हतं, आणि ते नाही असं कळल्यावर एकाएकी तेच हवंसं झालं.

चार दिवसांनी तिनं कस्तुराला सांगितलं की मी मंगळवेढ्याला जाऊन येते. कस्तुरा म्हणाली, आय, घोडीच्या डोळ्यासाठी? मायाक्का म्हणाली, घोडीच्या डोळ्यासाठी. कस्तुरानं आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि वाटेच्या भाकरीसाठी पीठ काढलं. पाखरीचं दाणापाणी जावयानं बघायचं ठरलं.

आश्विनातले दिवस होते. कामतीच्या पुढं काळ्या रानातून ज्वारीच्या पेरण्या चालल्या होत्या, पाभरीमागून बाया चालत होत्या. मायाक्का दोन वर्षांनी या रस्त्याला लागली होती. पहिल्या दिवशी पायांनी ओळख दिली नाही, शहरानं त्यांना मऊ केलं होतं. दुसऱ्या दिवशी ते आपोआप पडू लागले. या बाभळीखाली कस्तुराला गोवर आला होता. या ओढ्यात एक काळी मेंढी वाहून गेली होती आणि सिद्धनाथ तिच्यामागं उडी टाकून अर्धा फर्लांग खाली निघाला होता, मेंढीसकट. या चिंचेखाली त्यांचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवत नव्हतं. एके ठिकाणी तिला शेतात कुणाचा तरी कळप दिसला. ती बांधावर उभी राहिली. कळपातली अनोळखी बाई दुरून हात वर करून विचारू लागली, कोण गं?  मायाक्कानं नुसता हात हलवला आणि ती पुढं निघाली.

बेगमपूरला नावेतून भीमा ओलांडली आणि तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती मंगळवेढ्याच्या दवाखान्यापाशी पोहोचली.

दवाखान्यापुढं लिंबाचं झाड होतं. सिद्धनाथ आत जायचा तेव्हा ती या झाडाखाली घोडीला धरून बसायची. पुरुषांच्या कचेरीत पाय टाकायला तिला संकोच वाटायचा. आजही ती सवयीनं तिथंच बसली. आपण एकटे आलोत, आता आत जायला दुसरं कोणी नाही, हे तिला थोड्या वेळानं उमगलं. तेव्हा ती उठली आणि पायरी चढली.

अण्णाराव डॉक्टर टेबलाशी होते. केस पार पांढरे झालेले, चष्मा नाकावर उतरलेला. तिनं नमस्कार करून सोलापुरातून पत्र आल्याचं सांगितलं. ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत ते जत्रेतल्या जनावरांच्या कामावर होते आणि कारकुनानं परस्पर उत्तर घातलं होतं. पण घोडीचं वर्णन ऐकून ते हसले.

"पाखरी की काय? डाव्या डोळ्याची?"

"व्हय जी."

"आणि तुम्ही लिंबाखालच्या बाई."

त्यांनी कारकुनाला दप्तर आणायला सांगितलं. अण्णारावांची रीत अशी होती की दर जनावराचा एकच कागद ठेवायचा, जनावर जितक्या वेळा येईल तितक्या वेळा त्याच कागदावर पुढं लिहायचं, आणि हे कागद मालकाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून फडक्यात बांधून ठेवायचे. कारकुनानं 'स'चं फडकं सोडलं आणि पुन्हा शोधलं. कागद नव्हता. डॉक्टर छताकडं बघत काहीतरी आठवू लागले. मग त्यांनी विचारलं, बाई, तुमचं नाव काय?

"मायाक्का."

"'म'चं काढ," ते कारकुनाला म्हणाले.

कागद 'म'च्या फडक्यात होता. दोन्ही अंगांनी लिहिलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. अण्णारावांनी तिला बाकावर बसायला लावलं आणि तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. डॉक्टर मनुष्य हौशी होता. जनावराचं काय दुखतं ते जनावर सांगत नाही, म्हणून मालक जे जे बोलेल ते ते लिहून ठेवायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

"घोडी, तांबूस, वय अंदाजे पाच. डावा डोळा पाण्याने भरतो. मालक सांगतो, नदीच्या उतारावर वाऱ्याने धूळ गेली. घरात बाभळीच्या पाल्याच्या पाण्याने धुतात. आज बायकोने भांडून इकडे धाडले, नाहीतर आलो नसतो म्हणतो."

मायाक्काच्या तोंडावर हसू आलं आणि ते तिनं पदरात झाकलं. हे तोच बोलला असणार. असंच बोलायचा, आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवत.

पुढच्या नोंदी औषधाच्या होत्या. झिंकचं पाणी दिलं, गुण नाही. मलम दिलं, उलट वाढलं. मग बेलाडोनाचे थेंब सुरू केले, बारा दिवसांत उतार. मध्ये मध्ये त्याचं बोलणं होतं. घोडी बायकोशिवाय कोणास तोंडाला हात लावू देत नाही, मालकाससुद्धा चावते. बायकोस आत बोलावले, येत नाही. शिंगरू मेल्यापासून घोडी खात नव्हती, बायकोही दोन दिवस जेवली नाही, दोघींना औषध द्या म्हणतो. मायाक्का मान खाली घालून ऐकत होती. जी पाच वर्षं गेली असं तिला वाटत होतं, ती इथं एका फडक्यात बांधून ठेवलेली होती.

वाचता वाचता अण्णाराव थांबले. चष्मा काढून पुसला.

"औषधाचं इथपर्यंतच आहे," ते म्हणाले.

"फुडं लिवल्यालं दिसतंय की."

"ते घोडीच्या दुखण्याचं नाही."

"वाचा," मायाक्का म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून वाचलं.

"डिसेंबर अठरा, सन बत्तीस. मालक एकटा आला, घोडी आणली नाही. डोळा बरा आहे, तरी दोन शिशा जादा मागतो. कारण विचारता म्हणतो, पुढच्या खेपेस मी येईन असे नाही. मालकास दम लागतो, खोकला आहे. बसा म्हटले, बसला नाही. माणसांच्या दवाखान्यात जा म्हणून सांगितले, हसला. म्हणतो, घोडी बायकोच्या नावावर लिहा, मायाक्का. आजवर तिनेच तिचे केले. माझ्या माघारी ती कोणाकडे काही मागणार नाही, तेव्हा कुठेतरी लिहिलेले असावे."

बाहेर कुणाचा तरी बैल हंबरत होता. मायाक्काला तो दिवस लख्ख आठवत होता. मेंढ्या विण्याचे दिवस, हाताला उसंत नाही, आणि हा सकाळी बाजाराला जातो म्हणून गेला तो दिवस मावळताना रिकाम्या हातांनी आला. तिनं तोंड सोडलं होतं. कुठं उंडारत होता दिवसभर, असं विचारलं होतं. त्यानं उत्तर दिलं नाही, म्हणून तिचा राग आणखी वाढला आणि भाकरी तिनं त्याच्यापुढं जवळजवळ टाकलीच. तो मुकाट्यानं जेवला. त्याच्या चौथ्या दिवशी त्यानं अंथरूण धरलं आणि मग भांडायला किंवा समजूत काढायला दोघांनाही सवड मिळाली नाही. तेरावा झाल्यावर पाखरीच्या खोगिराखालच्या पिशवीत तिला औषधाच्या दोन भरलेल्या शिशा सापडल्या. मागच्या साली उरलेल्या असतील असं समजून तिनं त्या ओतून टाकल्या होत्या.

तीन वर्षं तिनं ती टाकलेली भाकरी मनात वागवली होती. कुणालाच सांगितली नव्हती.

"बसलं न्हाईत व्हय?" तिनं विचारलं.

"नाही. त्या खांबाला हात टेकून उभ्यानंच बोलले."

तिनं खांबाकडं पाहिलं. साधा लाकडी खांब, हात लागून लागून मधोमध गुळगुळीत झालेला. किती लोकांचे हात लागले असतील.

मूळ कागद संस्थानाच्या दप्तरातून बाहेर देता येत नव्हता. अण्णारावांनी नकलेचं काम कारकुनावर सोपवलं नाही, स्वतःच बसून केलं. शेवटच्या नोंदीपाशी आल्यावर त्यांनी टाक थांबवून विचारलं की ही सोलापूरच्या डॉक्टरांना कामाची नाही, सोडून देऊ का? मायाक्का म्हणाली, समदं लिवा. नक्कल पुरी व्हायला दुपार झाली. त्यांनी खाली सही केली, शिक्का मारला, आणि मडिवाळप्पांसाठी वेगळी चिठ्ठी दिली. निघताना म्हणाले की पुढल्या साली मला पेन्शन होते आहे. बरं झालं आत्ता आलात.

येताना मायाक्का कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. कागद तेलकट फडक्यात गुंडाळून तिनं पोटाशी खोचला होता. मात्र बेगमपूरच्या अलीकडं, नाव यायची वाट बघत काठावर बसली असताना, ती रडली. शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं कोण गेलं म्हणून विचारलं. मायाक्का म्हणाली, आत्ता न्हाय, तीन वर्सं झाली.

सोलापूरला मडिवाळप्पांनी कागद उभ्या उभ्या वाचायला घेतला आणि मध्येच खुर्चीत बसले. पहिल्यांदा त्यांनी ज्ञानबांना बेलाडोनाचे थेंब तयार करायला सांगितले, कारण मलमानं हे दुखणं वाढतं असं त्यात स्पष्ट होतं. मग त्यांनी उरलेलं वाचलं. वाचून झाल्यावर आपल्याकडचा घोडीचा कागद त्यांनी पुढं ओढला, मालकाच्या जागी लिहिलेल्या सिद्धनाथ या नावावर टाक नेला आणि म्हणाले, अव्वा, इथं दुरुस्ती करायला हवी. घोडी तुमची आहे.

"खोडू नका," मायाक्का घाईनं म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ते. माजं आदी लिवा."

त्यांनी सिद्धनाथच्या आधी तिचं नाव लिहिलं. मायाक्का सिद्धनाथ. त्यांच्या दवाखान्यात तो कागद त्याच नावानं राहिला.

डावा डोळा वाचला नाही. उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं. पण सूज उतरली, ठणका गेला, पाखरी दाणा खाऊ लागली, आणि उजवा डोळा स्वच्छ राहिला. दुखणं पुन्हा आलंच तर पहिल्याच दिवशी हे थेंब घालायचे, असं त्यांनी तिला पढवून ठेवलं.

एका डोळ्याची घोडी शहरात वागवणं मात्र कठीण होतं. डाव्या अंगानं मोटार आली की तिला ती दिसायची नाही, आणि आवाज अगदी जवळ आला की ती बिथरून उडायची. एकदा स्टेशनच्या रस्त्यावर तिनं गवताचे भारे उधळले आणि टांग्याच्या चाकाखाली यायची वाचली. भोंगा झाला की तिच्या अंगावर काटा उभा राहायचा. मायाक्का तिच्या डाव्या बाजूनं चालू लागली, हात सतत तिच्या मानेवर ठेवून. रानात गेल्यावर तीच घोडी शांत व्हायची, कान सैल सोडून चरायची, आणि घराकडं वळवलं की पाय ओढायची.

मार्गशीर्षात बाळासोचा कळप सीनेच्या काठाला उतरला. बाळासो चाळीत आला, नातवासाठी खारका घेऊन. जेवण झाल्यावर त्यानं चाचरत विषय काढला. त्याची स्वतःची घोडी उन्हाळ्यात मेली होती, वज्जं माणसांच्या डोक्यावर आलं होतं. वयनी, पाखरी आता लागंल म्हणतो.

मायाक्कानं तो कागद काढला. बाळासोलाही वाचता येत नव्हतं. शेवटची नोंद तिनं त्याला तोंडपाठ म्हणून दाखवली, डॉक्टरांच्या भाषेत, शब्द न चुकवता.  बाळासो म्हणाला की मला दादा कधी बोलला न्हाय. तुझी हाय, तर मी न्हेत न्हाय. ऱ्हाऊ दे.

त्या रात्री ती थोडीच झोपली. उजाडल्यावर पाखरीला घेऊन ती स्वतःच कळपाकडं गेली. दुरून मेंढरांचा वास आला तशी पाखरी खिंकाळली आणि जोरानं चालू लागली. मायाक्काला तिच्याबरोबर जवळजवळ पळावं लागलं. कळपात कोकरं ओरडत होती, चूल पेटली होती, बाळासोची बायको केराबाई घोंगड्यांच्या घड्या घालत होती. मायाक्कानं न सांगताच एक घडी हातात घेतली. सगळं लादून होईपर्यंत ती काम करत राहिली, जणू तीही निघणार होती. केराबाईनं विचारलंही, चल की गं, काय हाय तुझं तितं? मायाक्काचे पाय तयार होते. पण कस्तुराचे दिवस भरत आले होते, आणि पोरगं उठल्याबरोबर आजीला शोधणार होतं.

"ही मी तुला देतीया, बाळासो," ती म्हणाली. "तू मागितली म्हणून न्हवं. हितं शहरात आमी दोघीबी कोंडून पडलोय, एकीनं तरी चालावं. डाव्या अंगानं माणूस ठेव. आनि डोळा आला तर ज्या गावात दवाखाना आसंल तितं हा कागद दाखीव."

तिनं फडक्यात गुंडाळलेला कागद त्याच्या हातात दिला. केराबाईनं पाखरीच्या तोंडाला हात लावून पाहिला. पाखरीनं मान झटकली, मग थांबली. मायाक्का शेजारी उभी राहून सांगत होती, कानामागं, हितं, हळू.

कळप निघाला. ती पुढच्या ओढ्यापर्यंत डाव्या अंगानं चालत गेली, आणि ओढ्याच्या अलीकडं थांबली.

त्यानंतर मायाक्का सोलापुरातच राहिली. कस्तुराला मुलगी झाली, ती पाच महिन्यांची झाल्यावर कस्तुरा गिरणीत सूत भरायच्या कामाला लागली आणि पोरं आजीच्या अंगावर वाढली. पाखरी आणखी चार वर्षं जगली. बाळासोनं तिला एकदा विजापूरच्या अंगाला आणि एकदा बार्शीला डॉक्टरकडं नेलं, आणि दोन्ही ठिकाणी त्या कागदावर पुढं लिहिलं गेलं.

दर मार्गशीर्षात कळप सीनेला उतरला की मायाक्का भाकरी बांधून दिवसभरासाठी जायची. पाखरी असताना तिचा डोळा धुवायची, आणि पाखरी नसतानाही जायची. जेवणं झाल्यावर बाळासोजवळ बसून ती त्या वर्षीचे मुक्काम विचारून घ्यायची, पहिल्यापासून. कुठल्या शेतात किती दिवस बसलात, पाणी कसं होतं, बाभळीला शेंगा होत्या का. बाळासो एकेक गाव सांगत जायचा. ती डोळे मिटून ऐकायची आणि तो थांबला की म्हणायची, "आनि मग फुडं?"